भोंग्यातून घेतलेलं नाव

११ जून २०२५, बुधवार

घशाच्या डॉक्टरांचा हुकूम आहे, दिवस मावळला की तोंड बंद. गाठ साधी आहे म्हणाले, पण बोलणं आवरलं नाही तर साधी राहायची नाही. ऑटोवर भोंगा लावून दवंडी देत फिरणाऱ्या बासष्ट वर्षांच्या भोंगेवाल्याने गप्प कसं राहायचं, ते काही त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही. माझी बायको आमिना मात्र खूष आहे. चाळीस वर्षांनी तिला संध्याकाळी घरात शांतता मिळाली. "अब कॉपी में बोलो," म्हणाली आणि नातवाची कोरी वही समोर टाकली. उर्दू मला वाचता येते, पण लिहायला हात मराठीतच वळतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, त्याला इलाज नाही.

आज काम आलं. सोमवारी, सोळा तारखेला, आमच्या पिंपळझिऱ्याच्या ग्रामपंचायत सभागृहात दाखल्यांचं शिबिर आहे. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, सगळे दाखले एकाच जागी. तलाठी प्राजक्ता मॅडम स्वतः ऑटोपाशी आल्या. म्हणाल्या, "सत्तारभाई, माणसं आली पाहिजेत. बेड्यावरची तर आलीच पाहिजेत."

बेडा म्हणजे नाल्यापलीकडची पारध्यांची वस्ती. तिथली करिश्मा बारावी झाली. अमरावतीला नर्सिंगला तिचा नंबर लागतो, पण तीस जूनच्या आत जातीचा दाखला, निदान अर्ज दाखल झाल्याची पावती हवी. बाप वीटभट्टीवर दूर कुठेतरी आहे. तिच्याआधी घरात कोणी शाळेची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे जुना कागद नाही. म्हणून आजीचा जबाब आणि बेड्यावरच्या चार शेजाऱ्यांच्या सह्या लागतील. मी म्हटलं, मॅडम, आवाज माझा आहे, काळजी सोडा.

हे बोलताना किसनराव शेजारीच होता. माझा तीस वर्षांचा दोस्त, माळीपुऱ्यातला, स्टँडवर भाजीचं दुकान आहे. तो मॅडमना म्हणाला, "हा आमचा मियाँ हाय, पण मराठी असं बोलते का पंडितानं आयकावं." मॅडम हसल्या, मीही हसलो. घरी येईपर्यंत तो 'पण' माझ्यासोबत ऑटोत बसून आला.

१३ जून, शुक्रवार

जुम्म्याची नमाज झाल्यावर रेकॉर्डिंग केलं. पंखा बंद, खिडक्या बंद, आमिना परीक्षक.

माझ्या धंद्याची एक कला आहे, ती या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला येत नाही. बाकीचे भोंगेवाले एकच कॅसेट गावभर वाजवतात. मी प्रत्येक आळीसाठी वेगळी सुरुवात करतो. पाटील आळीत, "सन्माननीय ग्रामस्थ बंधू-भगिनींनो". माळीपुऱ्यात, "समस्त माळी समाजबांधवांना आग्रहाची नम्र विनंती". बौद्धपुऱ्यात आधी जय भीम, मग बाकीचं. आमच्या मोहल्ल्यात, "हजरात, जरा तवज्जो फर्माइये". माणसाला आपली हाक ऐकू आली की तो हातातलं काम टाकून दारात येतो. कोणाला कसं बोलवावं हे मला पाठ आहे, आणि याचा मला अभिमान आहे, लिहून ठेवायला काय हरकत.

ज्यांच्याकडे हा धंदा शिकलो, त्या उस्तादांनी बेड्यासाठी शिकवलेलंच ठेवलं. "बेड्यावरच्या सर्व लोकांनी दिनांक सोळा रोजी हजर राहावे, कोणीही गैरहजर राहू नये." तिथे ठणकावून सांगावं लागतं, साधं बोललेलं त्या लोकांना कळत नाही, असं उस्ताद म्हणायचे.

१६ जून, सोमवार

सभागृह भरलं. पाटील आळी, माळीपुरा, बौद्धपुरा, मोहल्ला, सगळे आले. बेड्यावरून एकटी करिश्मा आली. दहाला येऊन कोपऱ्यात बसली ती पाचपर्यंत तिथेच, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तीत बारावीचं गुणपत्रक. आजी नाही, शेजारी नाहीत. अर्ज पुढे सरकला नाही.

निघताना ती माझ्या ऑटोपाशी थांबली. "ते आवाजवाले तुमीच का?" मला वाटलं, आता तारीफ करणार. म्हणाली, "तुमचा आवाज आयकला आन आजी टोपली घेऊन रानात निंगून गेली. सगळेच गेले."

"काहून?"

"तुमी म्हटलं ना, हजर राहा."

हजर राहा म्हटल्यावर माणूस रानात का जाईल, हे मला समजलं नाही. पोरगी पिशवी काखेत धरून नाल्याकडे चालू लागली.

मॅडम कागद गोळा करत होत्या. सव्वीस तारखेला पुन्हा शिबिर ठेवते म्हणाल्या. पण या वेळीही बेड्यावरचं कोणी आलं नाही, तर गावातलं शिबिर परत मिळणार नाही. मग त्या लोकांनी तालुक्याला हेलपाटे घालायचे. ते घालणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

१७ जून, मंगळवार

दिवसभर डोक्यात तेच. माझ्या आवाजाने माणसं यायची, पळून गेली असं कधी झालं नव्हतं.

विचाराअंती कारण सापडलं. 'बेड्यावरचे लोक' यात इज्जत नाही. बोलवायचं तर समाजाचं नाव आदराने घ्यायला हवं. पण कोणतं? मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सरकारी यादीत 'फासेपारधी' आहे, दाखल्यावर तेच येणार. पण तो शब्द भोंग्यातून कसा म्हणायचा? गावात पोराने दुसऱ्याच्या झाडाचा पेरू तोडला की आई म्हणते, पारधी आहेस का रे. ती शिवीच झाली आहे.

मग वहीत एक-एक लिहून पाहिलं. आदिवासी बंधू. वनवासी बंधू. विमुक्त बांधव. यातला विमुक्त मला आवडला, भारदस्त आहे, भोंग्यात घुमतो. आमिनाला मोठ्याने वाचून दाखवला, मावळतीच्या आतच.

ती पोळ्या लाटत होती. "उनसे पूछा?" म्हणाली.

मी म्हटलं, अगं, कलाकार असा दारोदार विचारत फिरत नसतो.

१८ जून, बुधवार

किसनरावने नवी वाट दाखवली. म्हणाला, "मियाँ, समाजा-बिमाजाचं काहून घेऊन बसला? लग्नाले आपुन कसं बोलावतो? पत्रिकेवर नाव टाकतो ना. नावानं बोलाव एकेकाले. श्रीमान, श्रीमती लाव. कोण नाई म्हणते?"

पटलं. खरं तर मला आधी सुचायला हवं होतं. मॅडमकडून मतदार यादी घेतली. बेड्यावरची एकतीस नावं. घरी बसून एकेकाच्या पुढे श्री आणि श्रीमती लावलं. गेल्या तीस वर्षांत मी त्या वस्तीत शेकडो फेऱ्या केल्या असतील, पण यातलं एकही नाव मला माहीत नव्हतं. लिहिताना जरा विचित्र वाटलं.

२० जून, शुक्रवार

आजचं लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

चार वाजता नाला ओलांडून बेड्यावर गेलो. कडुनिंबाखाली ऑटो उभी केली आणि रेकॉर्डिंग लावलं. "श्रीमती माणिकबाई पवार. श्री पुंजाराम सोळंके." आवाज छान घुमत होता. पाचवं नाव येईपर्यंत लेकरं धावत आत गेली. मला वाटलं, आईबापांना बोलवायला गेली. दहावं नाव आलं आणि बाया मागच्या बाजूने पळताना दिसल्या, एकीच्या काखेत मूल होतं. विसाव्या नावाला बेडा रिकामा. एका चुलीवर भात उकळत होता, तो तसाच उतू गेला.

एक म्हातारा तेवढा राहिला. पायाने अधू आहे, त्याला पळता आलं नाही. तो खुरडत ऑटोपाशी आला आणि दोन्ही हात जोडले. म्हणाला, "सायेब, म्या पुंजाराम. म्या काई नाई केलं. मी तं उठूही शकत नाई."

मी भोंगा बंद केला. मी साहेब नाही, मी सत्तार, दाखल्याचं सांगायला आलो, असं खूप वेळा सांगितलं. तो मान हलवत राहिला आणि हात काही सोडले नाहीत. शेवटी मीच तिथून निघून आलो. चुलीवरचा भात खाली उतरवून ठेवायचंही मला सुचलं नाही.

जेवलो नाही. आमिनाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अपनी गली में गाडी आके भोंगे पे नाम पुकारती, तो तुम चाय लेके बाहर जाते क्या? कर्फ्यू में कहाँ थे तुम?"

पलंगाखाली होतो. दंगलीच्या त्या कर्फ्यूत पोलिसांची गाडी आली, तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, आणि माझं नाव तर पुकारलंही नव्हतं.

२१ जून, शनिवार

काम घेतलं नाही. लाज वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२२ जून, रविवार

सकाळी पायी गेलो. ऑटो घरी ठेवली. करिश्माला नाल्यापाशी बोलावून घेतलं होतं, ती पुढे आणि मी मागे. तिच्यासोबत होतो म्हणून कोणी पळालं नाही. पण जवळही आलं नाही.

माणिकबाई करिश्माची आजी. वय सत्तरच्या पुढे असावं, नजर अशी की खोटं बोलायची हिंमत होऊ नये. मी माफी मागितली. इतक्या वर्षांत लाखो शब्द भोंग्यातून बोललो, पण एवढं एक वाक्य अडखळत बोललो. त्यात गाठीचा दोष नव्हता.

ती म्हणाली, "माही माय सांगे, तिच्या लहानपणी रोज सांजीले पोलिसाची हजेरी व्हये. नाव घेतलं का उभं राहाचं. एखांदा नसला का बाकीच्याइले मार पडे. ते बंद झालं म्हंतेत. पण गेल्या साली गावात विहिरीवरची मोटर चोरीले गेली, तं इथंच पोलिसाची गाडी आली आन इथंच नावं घेतली. मोटर मंग दुसरीकडंच सापडली. ते सांगाले कोणी गाडी घेऊन आलं नाई."

मी म्हटलं, माणिकबाई, मग तुम्हाला बोलवायचं तरी कसं?

तिने उलट मलाच विचारलं, "तुमाले काय म्हणाचं?"

मी म्हटलं, सगळे मियाँ म्हणतात.

"सगळे काय म्हंतेत ते नाई इचारलं. तुमाले काय बरं वाटते?"

बासष्ट वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.  मी नुसता समोरच्या कोंबड्यांकडे बघत बसलो. करिश्माला हसू आलं, तिने तोंड फिरवलं. शेवटी म्हटलं, "सत्तारभाऊ."

"बरं. तं सत्तारभाऊ, आयका. आमी पारधी हाव. त्याची लाज तुमाले वाटते, आमाले नाई. कागदावर तेच लिवा, मोठ्या अक्षरात लिवा, पोरीले तेच लागते. ते दुसरे भारी भारी नावं तुमच्यापाशी ठेवा. पण भोंग्यातून बोलवाचं असन, तं जसं पाटलाइच्या आळीत बोलावता तसं बोलवा. वारा इकडचा असला का तुमचा आवाज नाल्यावरून येते. सन्माननीय ग्रामस्थ. मी तीस वर्सं आयकून राहिली. नाल्याच्या अलीकडे आले का ते गळून जाते. आमी काय दुसऱ्या गावचे हाव?"

पुंजाराम बाजूलाच बसला होता. आज त्याने हात जोडले नाहीत. बिडी मागितली. मी ओढत नाही, पण उद्या नेऊन देईन.

२३ जून, सोमवार

नवं रेकॉर्डिंग. गावभर एकच. "पिंपळझिऱ्याच्या सन्माननीय ग्रामस्थ बंधू-भगिनींनो." पाटील आळीत तेच, माळीपुऱ्यात तेच, मोहल्ल्यात तेच, बेड्यावर तेच. माझी तीस वर्षांची कला मी स्वतःच्या हाताने पुसली, आणि खोटं कशाला लिहू, पुसताना जीव तुटला. बेड्यापुरतं बदलून बाकीचं जुनंच ठेवावं, असाही एक विचार आला. पण वारा दोन्हीकडून वाहतो.

२४ जून, मंगळवार

बोंबाबोंब. माळीपुऱ्यातून तिघं आले, आमच्या समाजाचं नाव का गाळलं म्हणून. मोहल्ल्यात एका बुजुर्गांनी आपली 'तवज्जो' कुठे गेली विचारलं. किसनराव तर रुसूनच बसला. "मियाँ, आमाले आन बेड्यावाल्याइले एकाच तराजूत टाकलं तू."

मी म्हटलं, तराजू तुझाच आहे, मी फक्त भोंगा वाजवला.

बेड्यावर ऑटो नेली तेव्हा कोणी पळालं नाही. बाहेरही कोणी आलं नाही. एक कुत्रं तेवढं भोंग्याकडे बघून भुंकलं. गुरुवारी काय होईल, काही सांगता येत नाही.

२६ जून, गुरुवार

दहा वाजले, बेड्यावरचं कोणी नाही. अकरा झाले. मॅडम घड्याळ बघत नाहीत असं दाखवत होत्या. बारा वाजता त्यांनी खोक्यात कागद भरायला घेतले. मी दारात उभा, मनात दुआ चालू.

साडेबारापर्यंत धीर धरला. मग ऑटोवरचे दोन्ही भोंगे सोडवून खाली ठेवले आणि बेड्याकडे निघालो. नाल्यावरच भेटले. रांगेत चालत येत होते, बाया नवी लुगडी नेसलेल्या, लेकरांच्या डोक्याला तेल. उशीर का झाला तर पुंजारामला आणायचं कसं यावर वाद चालला होता. तो म्हणे मला सोडून जा, आणि माणिकबाई म्हणे एकही गैरहजर राहायचा नाही. हे ती माझ्याकडे बघून बोलली. मी मान खाली घातली आणि बेड्यावर जाऊन पुंजारामला ऑटोत घालून आणलं.

सगळे सभागृहात शिरलो. पाटील आळीतले दोघे खुर्च्यांवर बसले होते, त्यातला एक उठला. दुसरा उठला नाही. मॅडमनी माणिकबाईला खुर्ची दिली आणि आधी सांगितलं, हा जबाब म्हणजे चौकशी नाही, तुमच्या नातीसाठी तुम्ही दिलेली साक्ष आहे. मग विचारलं, "जमात?"

"फासेपारधी," माणिकबाई म्हणाली. भोंग्याची गरज पडली नाही, मागच्या भिंतीपर्यंत गेलं. पुंजारामने अंगठा उठवला आणि तो नीट उमटला की नाही हे स्वतः वाकून पाहिलं. चार सह्यांच्या जागी अकरा झाल्या. संध्याकाळी करिश्माच्या हातात पावती होती. शिवाय बेड्यावरचे आणखी एकोणीस अर्ज झाले.

मी आज खूप खूष आहे. दुसरं काही सुचत नाही.

२९ जून, रविवार

माणिकबाई स्टँडवर मेथी घ्यायला आली होती. रस्त्यापलीकडून हाक मारली, "ओ सत्तारभाऊ, पोरीचा फारम भरला." किसनरावने मेथी तोलता तोलता माझ्याकडे पाहिलं. ती गेल्यावर म्हणाला, "हे भाऊ कवापासून झालं?"

मी म्हणालो, "किसनराव, मला मियाँ म्हणत जाऊ नको. मला ते आवडत नाही."

तराजू त्याच्या हातातच राहिला. "तीस वर्सं झाले. आधी काहून नाई सांगतलं?"

"तू कधी विचारलं नाहीस. आणि माझीही हिंमत झाली नाही."

तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला वाटलं, गेला दोस्त. दुपारी घरी मेथीच्या दोन जुड्या आल्या. निरोप काही नव्हता. आमिनाने त्या निवडायला घेतल्या.

१२ जुलै, शनिवार

काल करिश्माचा दाखला आला. सोमवारी ती अमरावतीला जाणार. आज माणिकबाईने मला ऑटोसकट बोलावलं, भोंगे लावून या म्हणाली. किसनराव सोबत आला. वाटेत दोनदा 'मि' म्हणून थांबला आणि दोन्हीदा 'सत्तारभाऊ'वर आला. इतका वेळ घेतो की तोवर नाला येतो.

कडुनिंबाखाली ऑटो उभी केली. माणिकबाई म्हणाली, "पोरीचं नाव घ्या भोंग्यातून. लेकराइले कळू द्या, नाव घेतलं का दर खेपी पळाचंच असते असं नाई."

मी माइक उचलला आणि परत खाली ठेवला. इथेच, याच झाडाखाली वीस जूनला सगळे पळाले होते. तिने मानेने खूण केली, घ्या. मी म्हटलं, "सन्माननीय ग्रामस्थ बंधू-भगिनींनो. आपल्या गावची कुमारी करिश्मा देवमन पवार हिची नर्सिंगच्या शिक्षणासाठी अमरावती येथे निवड झाली आहे."

क्षणभर काही झालं नाही. मग एका झोपडीचा पडदा हलला. लेकरं आली, त्यांच्या मागे बाया, मग माणसं. करिश्मा तोंड झाकून उभी होती. पुंजाराम खुरडत ऑटोपाशी आला. या वेळी त्याचे हात जोडलेले नव्हते. म्हणाला, "माहंही घ्या ना एक डाव. त्या दिवशी धड आयकलंच नाई."

मतदार यादी सीटखालीच होती. एकतीस नावं पुन्हा घेतली, श्री आणि श्रीमती लावून, सावकाश. ज्याचं नाव येई तो "हाव" म्हणे आणि बाकीचे हसत. यादी संपली तर लेकरांनी घेरलं, त्यांची नावं यादीत नव्हती ना. तीही घेतली, किसनराव विचारून विचारून मला सांगत होता. होता होता दिवस मावळला, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

घसा पार बसला आहे. डॉक्टरांना काय सांगायचं ते उद्या बघू.